मांजर आणि डोंगराची पाठ

एकदा एका डोंगरातलं सोनं संपलं. म्हणजे तसं एका शिष्याने जाहीर केलं. डोंगराला कोणी विचारलं नव्हतं.

हा शिष्य तिशीचा, पीळदार मिशीचा, दगडांच्या एकवीस जाती तोंडपाठ म्हणणारा. त्या डोंगरात पांढऱ्या गारगोटीची एक शीर होती, तिच्या पोटात सोनं आणि रुपं. चाळीस घरं पिढ्यान्‌पिढ्या त्या शिरेमागून खणत आत गेली होती. एके दिवशी शीर एकाएकी थांबली आणि समोर काळी भिंत आली. शिष्याने हातोडा मारला, दगडाची जात ओळखली आणि गंभीरपणे म्हणाला, "संपली."

तिथली रीत अशी, की हा शब्द उच्चारला गेला की खाणीच्या तोंडाशी पणती लावायची. तिच्यातलं तेल सरलं की सगळ्यांनी डोंगर सोडायचा, कायमचा. बायका मडकी बांधू लागल्या. शिष्याला अन्न गोड लागेना. शब्द त्याचाच होता.

तो आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. गुरू चटणीवर तेल न घेता कोरडी भाकरी चावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शिष्याच्या मांडीवर एक लठ्ठ मांजर ठेवली, हिला कुरवाळत बस म्हणाले आणि स्वतः पेंगू लागले. एवढ्या संकटात मांजर. पण गुरूची आज्ञा. शेपटीकडे हात नेला की रेशीम, उलटा नेला की केस बोटांना अडत आणि मांजर चावे. दोनदा चावली. त्याच्या विद्वत्तेची तिला कल्पना नसावी.

दुपारी गुरू त्याला काळ्या भिंतीशी घेऊन गेले. "आता डोळे मीट, आणि हिला कुरवाळ."

भिंत गार होती, ओलसर होती, कुणाच्या तरी झोपलेल्या पाठीसारखी. हात वरून खाली अलगद घसरला. खालून वर नेला, तर बारीक कंगोरे बोटांना अडले.

"गुरुजी, खाली जाताना मऊ लागतं. म्हणजे शीर खाली गेली?"

"वर," गुरू म्हणाले. "लेका, फार पूर्वी ह्या डोंगराच्या भेगांतून तापलेलं पाणी वर चढलं आणि निवताना गारगोटी, रुपं, सोनं ठेवून गेलं; झोपेत स्वप्न उतरावं तसं. मग डोंगराने कूस बदलली. त्याचं अर्धं अंग भिंतीला घासत खाली आलं, त्याची ही लव. आपण उभे आहोत ते त्या घसरलेल्या अंगात. शीर आपल्या जागी आहे. घसरलो ते आपण."

भिंतीलगतचा दगड चुऱ्यासारखा मऊ झाला होता. माणसं वर खणत राहिली. अकराव्या दिवशी, दोन पुरुष उंचीवर, मशालीच्या उजेडात पांढरी रेघ हळूच उजळली.

शिष्य धावत बाहेर आला. पणती जळतच होती. एवढ्याशा पणतीला अकरा दिवस तेल पुरलं कसं, हा प्रश्न त्याला आत्ता पडला. शेजारी गुरू बसले होते, तीच कोरडी भाकरी चावत.

"आणि शीर सापडली नसती तर?"

"तर तेल ओतणं थांबवलं असतं," गुरू म्हणाले. "मला काय कोरडी भाकरी आवडते?"

 शिष्य घरी जाऊन तेलाची बुधली घेऊन आला आणि वाकून गुरूंच्या चटणीवर धार सोडली.

आपल्याही वाटेत अशी भिंत आली, की 'संपलं' म्हणण्याआधी घसरलं कोण, तेवढं चाचपून पाहावं.