चाळीस चिठ्ठ्या

एकदा एका विद्यालयात एक तक्रारपेटी होती आणि सात वर्षांत तिच्यात एकही चिठ्ठी पडली नव्हती. मुख्याध्यापकांना याचे मोठे भूषण. पाहुणे आले की पेटी दाखवून ते म्हणत, "आमच्याकडे तक्रारच नाही!" पेटी टांगली होती त्यांच्याच दाराशी, शिपायाच्या स्टुलासमोर. चिठ्ठी टाकणाऱ्याचे नाव मधल्या सुट्टीपर्यंत गावभर झाले असते. हे मुलांना कळत होते, मोठ्यांना नव्हते.

त्या वर्षी नववीला वयात येणे, छळ, बालविवाह असे नाजूक विषय शिकवण्याचे काम एका तरुण शिक्षिकेकडे आले. तिने मनापासून शिकवले आणि शेवटी विचारले, "कुणाला काही शंका?" चाळीस माना खाली गेल्या. आठवडाभर हेच चालले. शेवटी हिरमुसून तिने, ज्यांच्या हाताखाली ती स्वतः शिकली होती, त्या वृद्ध गुरुजींना वर्गावर बोलावून आणले.

गुरुजींनी आल्याबरोबर सर्वांना एकसारखे कोरे कागद वाटले. म्हणाले, "ज्याला शंका आहे त्यानं शंका लिहावी. ज्याला नाही त्यानं एकोणतीसचा पाढा लिहावा. पाच मिनिटं कुणाचंही पेन थांबता कामा नये. नाव घालायचं नाही. कागदाच्या चार घड्या."

मुले खुसखुसली. शिक्षिका ओशाळली. नववीच्या मुलांना पाढे! पण गुरुजींपुढे बोलण्याची तिची प्राज्ञा नव्हती.

शिक्षकांच्या खोलीत दोघांनी चिठ्ठ्या उघडल्या. तेहतीस जणांनी पाढा लिहिला होता, त्यात एका महाभागाने सतराचा. सहा चिठ्ठ्यांत पाळीच्या, मुरुमांच्या, घरातल्या मारहाणीच्या शंका. चाळिसावीत लिहिले होते : "परीक्षा झाली की माझं लग्न आहे. मला पंधरावं चालू आहे. मला शिकायचंय. हे थांबवता येतं का? वर्गात वाचू नका."

अक्षर जुळवण्यासाठी शिक्षिकेने वर्गाच्या वह्यांचा गठ्ठा ओढला. गुरुजींनी त्यावर हात ठेवला.

"अगं, राहू दे वह्या."

"गुरुजी, परीक्षेला तीन आठवडे राहिलेत! कोण आहे तेच कळलं नाही, तर वाचवायचं कुणाला?"

गुरुजी म्हणाले, "पोरी, तिनं धीर केला तो कशाच्या जोरावर? भोवती एकोणचाळीस पेनं चालत होती म्हणून. तू शंका विचारायला सांगत होतीस, तेव्हा हात वर करील तो उघडा पडणार होता. आज कुणीच उघडं पडलं नाही. आता अक्षरावरून तिला पकडलंस, तर उद्यापासून या वर्गाकडून तुला नुसते पाढेच मिळतील. तिचं उत्तर चाळीस जणांना दे. आणि तिला येता येईल अशा जागी उभी राहा."

मुख्याध्यापकांच्या कानावर गेले तेव्हा त्यांना घाम फुटला. "विषय नाजूक आहे हो. मुलीचे वडील शाळा समितीतले निघाले तर? पालक भांडायला येतील!"

"येऊ देत," गुरुजी म्हणाले. "खुर्च्या मांडून ठेवा."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला शिक्षिका वर्गापुढे उभी राहिली. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे, ते ग्रामसेवकांना थांबवता येते, १०९८ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो, हे तिने स्वच्छ आवाजात सांगितले. सांगताना कुठल्याही मुलीच्या चेहऱ्यावर नजर थांबू नये म्हणून ती मागच्या भिंतीकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "मी रोज पाचपर्यंत शाळेत आहे. कुणाच्या घरी यावं लागलं, तर मी येईन." मग तिने कोरे कागद वाटले. पुन्हा चाळीस पेने चालू लागली.

या खेपेस एका चिठ्ठीत एकच ओळ होती : "बाई, माझ्यासोबत घरी चला." आणि खाली, कुणी न मागता, पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट.

नाव हुडकून काढणे वेगळे आणि कुणी विश्वासाने ते हातात ठेवणे वेगळे, हे शिक्षिकेला त्या क्षणी उमगले. पाच वाजता ती आणि ती मुलगी शाळेतून बरोबरच निघाल्या. फाटकापाशी गुरुजी ग्रामसेवकांना घेऊन उभे होते.