‘कोण?’ न विचारणारा पाडा

खाडीच्या तोंडाशी तो काळा खडक दिसतोय ना, त्याला आम्ही मीखडक म्हणतो. भरती चढू लागली की त्याच्या कपारीतून बाईच्या आवाजात ‘मी’ असं ऐकू येतं. हवा अडकते कपारीत, असं मास्तर सांगतात. सांगोत बापडे. भरतीला ते इकडे फिरकत नाहीत.

पाड्यातले म्हातारे तुम्हाला राजाची गोष्ट सांगतील. आमचे पूर्वज हबशाणातून, म्हणजे समुद्रापलीकडच्या आफ्रिकेतून आलेले. तिथे फार पूर्वी एक राजा होता. मक्केत धर्मापायी छळलेली माणसं समुद्र ओलांडून त्याच्या दारी आली. मागोमाग त्यांना धरून न्यायला दूत आले, उंची कातड्यांचे नजराणे घेऊन. राजाने दोघांचंही ऐकलं, नजराणे परत केले आणि परक्यांना ठेवून घेतलं. तो स्वतः दुसऱ्या धर्माचा होता, तरीही. म्हातारे हे डोळे मिटून सांगतात आणि नेमके इथेच थांबतात. पुढचं मी सांगतो.

पाड्याचा मुखिया मरजान ही गोष्ट सगळ्यांत गोड सांगायचा म्हणे. त्याची लेक नूरबी खाडीपलीकडे दिलेली. एका हिवाळ्यात पलीकडच्या किल्लेदाराने तिची वस्ती जाळली आणि मरजानला रेशमी पागोटं धाडलं. निरोप असा, की तुझी लेक सुखरूप आहे; बाकी पळून येतील त्यांना किनाऱ्याला लागू देऊ नकोस. राजाचे गोडवे गाणाऱ्या मरजानने पागोटं डोक्याला बांधलंसुद्धा.

सकाळी दाट धुकं होतं. पळालेल्यांची होडी त्या खडकावर आपटून फुटली. भरती चढत होती. हाका आल्या तसे मरजान आणि बाकीचे म्हातारे किनाऱ्यावर येऊन उभे राहिले.

“कोण?”

“मी!” खाऱ्या पाण्याने बसलेला, बाईचा आवाज.

घरच्या माणसाला कुणी नाव सांगतं का? दार वाजवून आपण ‘मी’च म्हणतो.

“मी कोण?”

“अहो मी, मी आहे!”

“मी म्हणे! खाडीतली कोलंबीसुद्धा ‘मी’च म्हणत असेल,” मरजान म्हणाला. म्हातारे खदखदून हसले.

“दादा, आवाज तरी ऐक,” त्याची बहीण सकीना म्हणाली.

“तू गप गं. पागोटं माझ्या डोक्यावर आहे.”

सकीनाने एकटीने होडी लोटली. ती पोचली तेव्हा खडक पाण्याखाली गेला होता. हाती फक्त एक ओढणी लागली. तिच्यावरचे टाके सकीनानेच घातलेले, नूरबीच्या लग्नात.

त्यानंतर भरतीच्या वेळी पाड्यातली दारं वाजू लागली, असं सांगतात. आतून ‘कोण?’ विचारलं की ‘मी’ असं उत्तर यायचं, त्या त्या घरच्या लेकीच्या आवाजात. लेक मात्र आत चुलीपाशी बसलेली असायची. मरजानलाही ‘मी’ ऐकू आलं आणि सवयीने त्याच्या तोंडून निघालं, “मी कोण?” बाहेरून काय उत्तर आलं ते कुणी सांगत नाही. दार सताड उघडं सापडलं, उंबऱ्यात चिंब ओलं पागोटं. मरजान पुन्हा कुणाला दिसला नाही.

आजही आमच्या पाड्यात दार वाजलं तर ‘कोण?’ विचारत नाहीत. ‘ये’ म्हणतात आणि पाण्याचा तांब्या पुढे करतात. म्हातारे छाती फुगवून सांगतात, ही राजाची रीत. कसली रीत, भीती आहे ती. पण दार उघडतं, हे खरं. कधी दारात माणूस असतो. कधी कुणीच नसतं. तरी आई तांब्या पुढे धरून उभी राहते आणि तो रिकामा होईपर्यंत हात मागे घेत नाही.