भिवराआत्याचं पिवळं पाणी

फार वर्षं झाली बरं का. आमच्या आंबेदरला तेव्हा वीज नव्हती, धड रस्ता नव्हता, पण भिवराआत्या होती. त्यामुळे कावीळ झालेला माणूस बिनघोर असायचा.

आत्या आंब्याच्या सालीचा रस त्याच्या हातांना चोळायची, वरून चुन्याची निवळी ओतून हात धुवायची. पाणी पिवळंधम्मक! "उतरली गं बाई कावीळ," म्हणायची. माणसं बरी व्हायची, नाव आत्याचं व्हायचं. सरकारी दवाखान्यातले टिपणीस डॉक्टरसुद्धा म्हणायचे, "पथ्य पाळ, अन् वाटलं तर जा आत्याकडे."

मग गावातल्या यसूला कावीळ झाली. पोरगी सात महिन्यांची पोटुशी. डॉक्टर म्हणाले, "हिला आजच्या आज शहरात न्या." नवऱ्याने आधी आत्याचं दार गाठलं. पाणी पिवळं झालं. आत्या म्हणाली, "उतरली. आता कशाला हिला गाडीत हादरवता?" त्याने तिला घरी नेलं. दोन दिवसांत यसू गेली, पोटातल्या जिवासकट.

आत्याला काही केल्या उमजेना. तिने स्वतःचेच धडधाकट हात तसेच धुतले. पिवळं! शेजारणीचे धुतले. पिवळं! मग घागर घेऊन चावडीसमोर आली नि दिसेल त्याचे हात धुवत सुटली. असं म्हणतात, ते पाणी ओढ्याला मिळालं आणि ओढा खालच्या गावापर्यंत पिवळा वाहिला. गुरंसुद्धा तोंड लावेनात.

डॉक्टर धावत आले. "आत्या, पुरे. साल आणि चुना एकत्र आले की पाणी पिवळं होतंच."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "होतं. बहुतेकांची कावीळ आपोआप जाते. लोकांना बरं वाटतं, म्हटलं कशाला बोला."

"मला कळत नव्हतं, म्हणून माझ्या हातून ती गेली," आत्या म्हणाली. "तुम्हाला तर कळत होतं हो!"

कुणाला कुणाकडे बघवेना. आत्याला देवी करून बसवलं होतं ते आम्हीच की! लाज वाटते सांगायला.

पुढे आत्या तोंडावर पदर घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसायची, येईल त्याला यसूची गोष्ट सांगायची. असं म्हणतात, तिचे हात कितीही घासले तरी मरेपर्यंत पिवळेच राहिले.

आजही नवा डॉक्टर आला की आम्ही हारतुरे नेत नाही. गावातली थोरली बाई पुढे होते नि म्हणते, "डॉक्टर, भिवराआत्याची आण आहे. आम्हाला वाईट वाटेल म्हणून काय काय पोटात ठेवलंय, ते आधी बोला." बिचारा गडबडतो. तो बोलेपर्यंत आम्ही तिथंच बसून राहतो.