बोरीवरची खार आणि आगीचा डोंगर

मुलांनो, एका जंगलात आगीचा एक डोंगर होता आणि त्याच्या पायथ्याच्या बोरीवर एक खार राहत असे. डोंगर कित्येक वर्षे शांत होता. खारीला नुकतीच तीन पिल्ले झाली होती. त्यांचे डोळेही अजून उघडले नव्हते.

एका सकाळी जमीन गदागदा हलली. दरड कोसळली, बोरांचा सडा पडला. कोल्हा शेपूट घालून ओरडत सुटला, "पळा! जमीन हलली, आता डोंगर फुटणार! नदीपार चला!" सारे त्याच्यामागे धावले. खारीने एक पिल्लू तोंडात धरले, पण तिचे पाय उचलेनात. नदी खोल, पाण्याला ओढ. तिच्यातून पिल्ले जिवंत न्यायची कशी?

तेवढ्यात बोरीखालच्या बिळातून म्हातारी घूस माती झटकत बाहेर आली. पिल्लू खाली ठेवून खारीने विचारले, "आजी, जमीन का गं हलली?"

"अगं, खूप खोल दोन अजस्र खडक टकरीतल्या रेड्यांसारखे अडकून एकमेकांना रेटत असतात. वर्षानुवर्षे जोर साठतो आणि एकदम सुटतो."

"मग आता डोंगर फुटेल?"

"बोरं खाणारी तू, आणि मला विचारतेस? कोणती बोरं पडली बघ."

खारीने पाहिले. पडलेली सगळी लाल, पिकलेली. हिरवी देठाला घट्ट होती. "म्हणजे डोंगर आतून पिकला असेल, तरच...?"

"तरच! आतली आग वर चढू लागली की झऱ्याचं पाणी तापतं. जा, बघून ये. पिल्लांपाशी मी बसते."

खार धावतच डोंगराच्या कुशीतल्या कोमट झऱ्यावर पोहोचली. तिथे बेडूक गळ्याइतक्या पाण्यात बसला होता. "काय गं, शेपटीला आग लागली की काय?"

"दादा, पाणी तापलंय का?"

"तापलं असतं तर मी इथे डुंबत बसलो असतो होय? घाल पंजा!"

खारीने पंजा बुडवला. पाणी रोजच्याइतकेच कोमट होते. तिच्या जिवात जीव आला.

दुपारी जमीन पुन्हा जराशी हलली. खारीने पिल्लांना पोटाशी घेतले. डोंगराने हूं की चूं केले नाही. संध्याकाळी कोल्हा ओलाचिंब होऊन परतला. "अजून फुटला नाही?" त्याने हळूच विचारले.

"कच्चा आहे कोल्होबा!" खार हसली. "पिकू लागला की पहिली हाक मीच मारीन."

तेव्हापासून रोज सकाळी, बोर खाण्याआधी, ती झऱ्यात पंजा बुडवून येई.

तात्पर्य : झाड हलले तरी पिकलेलेच फळ गळते, म्हणून पळायचे की थांबायचे, हे आरोळी ऐकून नव्हे, खूण पाहून ठरवावे.