चाळीस रुपयांचं ड्रिल

किंमत वाचून मालाची लायकी ठरवणाऱ्यांनो, तुम्ही माल कधी वापरून बघितलाच नाही.

कोल्हापूरच्या मालन मगदूम आणि तिच्या अकरा मैत्रिणी मशीनला बसवून लोखंडाला भोकं पाडायची ड्रिल बनवतात. एका मोठ्या कारखान्याची ऑर्डर मिळाली नाही, तर त्यांचं वर्कशॉप बंद पडणार होतं. कारखान्याचे खरेदी अधिकारी कानडेसाहेब यांनी तिचं ड्रिल शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या व्हाइसमध्ये, आवळलं आणि हातोडा हाणला. ड्रिल कटकन मोडलं.

"चाळीस रुपयांत एवढंच मिळतं, बाई."

"आता तुम्ही वापरता ते चारशेचं सोनेरी ड्रिल आवळा की," मालन म्हणाली.

साहेबांनी ऐटीत तसाच हातोडा हाणला. सोनेरी ड्रिल वाकलं.

मालननं आपल्या ड्रिलचा उरलेला तुकडा ग्राइंडरवर धरून धार लावली, मशीनला बसवला आणि जाड लोखंडी पट्टीला आरपार भोक पाडलं.

"साहेब, कडक पोलाद मोडतं, पण वाकत नाही. मोडलेल्याला पुन्हा धार लावता येते. वाकलेल्याचं तुम्ही काय करणार?"

साहेबांनी ऑर्डरच्या कागदावर सही केली. उत्तर दिलं ते कारखान्यातल्या म्हाताऱ्या फिटरनं, गफूरचाचांनी.

"खुंटी करू, ताई. साहेबांची टोपी अडकवायला."