रिकामा पूल, बंद रस्ता

रणधवल राजाने दवंडी पिटवली आणि सगळ्या राज्याची पंचाईत झाली! "आजपासून सर्वांनी राजरस्त्यानेच जावे-यावे. बाकीच्या पायवाटा, गाडीवाटा आणि नदी पायी ओलांडायचे उतार बंद!"

राजाने मोरगिरीपासून थेट सरहद्दीपर्यंत फरसबंद रस्ता बांधला होता. दोन्ही बाजूंना झाडे आणि वाकी नदीवर दगडी पूल. रस्ता देखणा होता, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती राजाच्या हट्टाबद्दल. इतका सुंदर रस्ता सोडून माणसे बांधाबांधाने जातात, याचा त्याला भारी राग येई. शिपायांनी वाटावाटांवर बाभळीच्या काट्या टाकल्या. शेजारच्या वाडीत ताक मागायला निघालेली बाईसुद्धा राजरस्त्याने मोठा वळसा घालून जाऊ लागली. घरी पोचेपर्यंत ताक आंबून जाई!

धुरपा कासारीण डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन वाड्यावस्त्या फिरायची. या वळशापायी तिच्या निम्म्या वाड्या सुटल्या. टोपली भरलेली आणि चूल थंड, असे दिवस आले. एक दिवस ती चिडून सरळ दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, वाटा मोकळ्या करा!"

"का? माझ्या रस्त्यात काय खोट आहे?"

"रस्त्यात न्हाई. तो एकलाच हाय, ही खोट! मी बांगड्या चार दोऱ्यांत ओवते. एक तुटली तर बाकीच्या ऱ्हात्यात. तुमी समदं राज्य एकाच दोरीत ओवलंय!"

दरबारी पदराआड हसावे तसे शेल्याआड हसू लागले. राजाच्या मिशा थरथरल्या.

"माझी दोरी तुटत नाही! पूर आले, वादळे आली, रस्ता कधी बंद पडला नाही. तू बंद पाडून दाखव! पण दगड हलवायचा नाही, खड्डा खणायचा नाही, रस्त्यावर काडीसुद्धा आडवी टाकायची नाही. जमले तर सगळ्या वाटा मोकळ्या. नाही जमले तर टोपली ठेव आणि त्याच रस्त्यावर खडी फोडायला बस!"

"चालंल की," धुरपा म्हणाली. "पण दिवस मी ठरवणार. अन् बघायला तुमी सोता पुलावर यायचं. सांजच्याला, गोरज मुहूर्ताच्या आदी."

"मान्य!"

ठरल्या दिवशी राजा एकटाच ऐटीत पुलाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. शिपाई काठावर थांबले होते. धुरपा पुलाच्या टोकाला एका दगडावर पान चघळत बसली होती. रस्ता मोकळा, पूल मोकळा, हवा छान!

"कुठे आहे तुझी करामत?" राजाने हसत विचारले.

"येतीया, महाराज. वाजतगाजत येतीया!"

तेवढ्यात पूर्वेकडून सनई ऐकू आली. आंबेवडीच्या खंडोजी पाटलांच्या मुलाचे वऱ्हाड नदीपलीकडे लग्नाला निघाले होते. पश्चिमेकडून ढोल ऐकू आला. करंजगावच्या हैबतराव देशमुखांच्या मुलाचे वऱ्हाड नदीच्या अलीकडे निघाले होते! पूल असा अरुंद की एका वेळी एकच वऱ्हाड जावे. दोन्ही नवरदेवांचे घोडे दोन टोकांना थांबले.

"आधी आम्ही!" पाटील गरजले.

"आमच्या सात पिढ्या कुणासाठी थांबल्या नाहीत!" देशमुख गरजले.

"मग आमच्या आठ!"

झाले! कुणी पुढे येऊ देईना, कुणी मागे सरेना. दोन्हीकडे मागे दुधाच्या गाड्या, कडब्याच्या गाड्या, मिठाचे बैल यांची रांग लागली. राजा ओरडला, "पाटील, व्हा बाजूला!"

पाटलांनी हात जोडले. "महाराज, डोकं मागा, देतो. पण यांच्यासाठी थांबायला सांगू नका!" देशमुखांनीही अगदी तेच सांगितले. सूर्य टेकायला आला. करवल्या रडकुंडीला आल्या, भटजी कपाळ बडवू लागले. मुहूर्त टळला तर दोन्ही घरांचे शिव्याशाप आपल्या लाडक्या रस्त्याला बसणार, या विचाराने राजाला घाम फुटला.

"धुरपे, हे सगळे तू घडवलेस!"

"मी? मी दोन्ही नवरींना हिरवा चुडा भरला, म्हणून मला दिवस ठावं. पाटलांची वऱ्हाडं वाडवडलांपासून नदीच्या वरच्या उतारानं जात्यात, देशमुखांची खालच्या. कदी तोंडाला तोंड लागलं न्हाई. त्यांना समोरासमोर तुमी आणलंत! मी दगड हलवला न्हाई, काडी टाकली न्हाई. बघा की, पुलावर तुमच्याबिगर कुणीच न्हाई!"

राजाने मान वळवून बघितले. पूल खरोखरच रिकामा होता आणि रस्ता ठार बंद होता.

"हरलो!" तो म्हणाला. "शिपायांनो, दोन्ही उतारांवरच्या काट्या उचला! पळा!"

शिपाई पळाले. राजाने पुलावरून रुमाल हलवला आणि दोन्ही वऱ्हाडे एकदमच निघाली. एक वरच्या उताराने, एक खालच्या. कुणी कुणासाठी थांबले नाही. मुहूर्त साधला. मागच्या गाड्याही आळीपाळीने पुलावरून खडखडत सुटल्या. पण राजाचा हट्ट अजून पुरता गेला नव्हता.

"आणि समज, मी पूल दुप्पट रुंद केला, तर? दोन्ही वऱ्हाडे शेजारून जातील!"

"जातील की! पण शेजारनं जाताना आदी रामराम कुणी घालायचा, ते तेवढं ठरवून ठेवा, महाराज!"

राजाने आधी पाटलांच्या वाटेकडे बघितले, मग देशमुखांच्या, आणि मग कठड्याला धरून असा खदखदून हसला की फेटा नदीत पडता पडता वाचला.

"सगळ्या वाटा मोकळ्या! आणि धुरपे, तुला जरीचे लुगडे. शिवाय माझा शब्द, तुझी टोपली जिथून जाईल ती वाट कायमची खुली. कुणी अडवायची नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपा नवे लुगडे नेसून टोपली घेऊन निघाली, ती थेट राजाच्या खाशा बागेत शिरली. माळी धावत आला. "अगं ए! ही महाराजांची बाग आहे!"

"कालपतुर व्हती," धुरपा म्हणाली. "आता वाट हाय!"

वर सज्जात राजा पोट धरून हसत होता. "जाऊ दे रे तिला! आणि दोन आंबे घाल टोपलीत!"