पेन्सिलीची चिठ्ठी

एका कोशकाराकडे एकदा एक शिष्य होता. बुद्धीने तल्लख, पण भारी उतावळा. मराठीत मुरलेल्या परक्या शब्दांचा कोश तयार होत होता. दर शब्दाची एक चिठ्ठी, आणि कोशकाराची, म्हणजे वृद्ध आचार्यांची, सही झाल्याशिवाय ती कोशात जात नसे. शिष्याची शेवटची चिठ्ठी 'पेन्सिल' या शब्दाची होती. ती त्याने आचार्यांपुढे ठेवली, त्याच संध्याकाळी कोशाचे मुखपृष्ठ छापायचे होते. तोवर ती मंजूर झाली, तरच त्यावर त्याचे नाव येणार होते.

आचार्यांनी ती दोनदा सहीविना परत केली. कारण विचारले तर नुसते हसत. शिष्याचा जीव टांगणीला लागला. येरझाऱ्या घालून घालून त्याचे पाय दुखू लागले.

तिसऱ्यांदा तो तावातावाने म्हणाला, "लॅटिनमध्ये मूळ अर्थ इवलीशी शेपटी, त्यावरून कुंचला. जुन्या फ्रेंचमध्ये चित्रकाराचा कुंचला. इंग्रजांनीही आधी कुंचल्यालाच पेन्सिल म्हटलं. आता राहिलं काय, आचार्य?"

आचार्यांनी चिठ्ठी घेतली आणि पुस्तकांची फडताळे ठोकत बसलेल्या सुताराच्या हाती दिली. शिष्य मनातून चरफडला. एवढ्या विद्वत्तेला परीक्षक कोण, तर सुतार!

सुताराने कानावरची पेन्सिल सारखी केली, हात पुसले आणि सावकाश वाचले.

"शेपटी कळली, कुंचला कळला. पण साहेब, हिनं करायचं काय, ते कुठं लिहिलंय? ज्यानं पेन्सिल कधी पाहिलीच नाही, त्याला काय कळणार?"

शिष्याचा चेहरा खर्रकन उतरला.

आचार्य म्हणाले, "बाबा, शब्द कुठून आला ते तू उत्तम शोधलंस. पण इतक्या लांबून आलेला पाहुणा आज कोणाच्या घरी नांदतो, याची चौकशी करावीशी तुला वाटली नाही. मी सांगितलं असतं, तर माझ्या सहीपुरती एक ओळ खरडून तू मोकळा झाला असतास."

दारात छापखान्याचा माणूस उभा होता. शिष्य त्याच्याकडे वळला.

"मुखपृष्ठ माझ्या नावाशिवाय छापा," तो म्हणाला. "चिठ्ठीला अजून वेळ लागेल."

मग तो भुशातच मांडी घालून बसला. "मिस्त्री, तुमची पेन्सिल चपटी का हो?"

"गोल असली तर फळीवरून गडगडते. आणि फळीवर खूण केल्याशिवाय करवत लावायची नसते, हेही लिहा."

शिष्य लिहू लागला. कित्येक दिवसांनी त्याला कसलीच घाई नव्हती.